काउंट बरोबर आहे, सर

शस्त्रक्रियेच्या बिलात सर्जन, भूलतज्ज्ञ आणि औषधे यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. ओटी सिस्टरची, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सची, वेगळी ओळ नसते. ती 'थिएटर चार्जेस'मध्ये, दिवा आणि टेबलाच्या जोडीने मोडते.

तिचे काम मात्र पेशंट टेबलावर येण्याच्या बरेच आधी सुरू होते. आदल्या संध्याकाळी लिस्ट लागली की कोणत्या केसला कोणता सेट, कोणते टाके, हाडाची केस असेल तर सी-आर्म हे एक्स-रे यंत्र आणि शिशाचे एप्रन, ही जुळवाजुळव तिचीच. ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या पॅकवरच्या टेपला काळे पट्टे उमटले, एवढ्यावर जाणती सिस्टर भागवत नाही. पट्टे उमटले म्हणजे पॅक यंत्रात जाऊन आला, इतकेच कळते; वाफ आतल्या घड्यांपर्यंत पोचली का, हे पॅकच्या पोटात ठेवलेली इंडिकेटरची पट्टी सांगते.

मग दारात पेशंट येतो, आणि आपल्याकडे हमखास मंगळसूत्राचा प्रश्न येतो. रक्तस्राव थांबवणाऱ्या कॉटरीचा विजेचा प्रवाह वापरायचा तर अंगावर धातू नको. पण 'ते तेवढं राहू द्या हो' म्हणणारी बाई आधीच घाबरलेली असते. सिस्टर समजावते आणि दागिने मोजून नातेवाइकांच्या हाती देऊन सही घेते. न निघणाऱ्या काचेच्या बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळते. नखांचे पॉलिशही पुसायचे, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला ते आड येऊ शकते. सिझेरियनला कमरेत भूल दिलेली असते, बाई जागी असते, पडद्याआड काय चालले आहे ते तिला दिसत नाही. त्या वेळी उशाशी उभे राहून तिच्याशी बोलत राहणे कोणत्याही रजिस्टरात नोंदले जात नाही.

टेबलाशी दोघी लागतात. एक वॉश घेऊन, गाऊन-ग्लोव्हज घालून ट्रॉलीशी उभी राहते, दुसरी फ्लोअरवर. पहिलीने निर्जंतुक नसलेल्या कशालाही हात लावायचा नाही, म्हणून बाहेरचे सगळे दुसरीने करायचे. मुरलेल्या सिस्टरला 'आर्टरी' म्हणून सांगावे लागत नाही. रक्त उडाले की सर्जनची नजर जखमेवरून न हलता चिमटा त्याच्या तळव्यात योग्य बाजूने पडतो. कोणते सर चिडले की कात्री फेकतात, हेही तिला पाठ असते. याला अनुभव म्हणून गौरवणे मला पटत नाही. ते सोसणे आहे.

हातमोज्यांची गोष्ट इथे सांगायला हवी. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९च्या सुमारास कॅरोलिन हॅम्प्टन या थिएटर नर्सच्या हातांची कातडी पाऱ्याच्या जंतुनाशकाने सोलवटली. सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. पेशंटला जंतुसंसर्ग होऊ नये हा हेतू तेव्हा नव्हता. तो फायदा नंतर ध्यानात आला. १८९० साली दोघांनी लग्न केले. शोध हॅल्स्टेड यांच्या नावावर जमा झाला.

पण थिएटर सिस्टरचे खरे काम कोणते, असे विचारले तर मी मोजणी म्हणेन. मॉप (रक्त टिपायची कापडे), गॉज, सुया, हत्यारे सुरुवातीला मोजून फळ्यावर लिहायची. पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायची, कातडी शिवताना पुन्हा. रक्ताने भिजलेला मॉप मुठीएवढा होतो आणि आतड्यांच्या वळणात सहज लपतो. म्हणून त्यात क्ष-किरणांत दिसणारा दोरा विणलेला असतो. एक कमी भरला की आधी बादली, मग टेबलाखाली, मग चपलांचे तळवे, मग पोट, आणि शेवटी एक्स-रे. तोवर 'सर, थांबा' म्हणायचे. समोरचा माणूस वयाने, पगाराने, हुद्द्याने वर असतो आणि त्याला पुढची केस घ्यायची घाई असते.

हे न झाल्यास काय होते, याची नोंद आपल्याच राज्यात आहे. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात मॉप राहिला आणि काही दिवसांतच ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले ते १९९६ मध्ये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची तपासणी-यादी आणली. त्या कामाचे नेतृत्व सर्जन अतुल गावंडे यांच्याकडे होते. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातले उटी. दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादीच्या शेवटच्या भागात मोजणी पूर्ण झाल्याचे नर्सने मोठ्याने सांगायचे असते. चीर देण्याआधी सगळ्यांनी आपापले नाव आणि काम सांगायचे, असेही त्यात आहे. आपल्याकडे सर, सिस्टर, मामा, मावशी यांवर वर्षे निघतात, त्यामुळे ही ओळ वाचताना पुष्कळांना अवघडल्यासारखे होते.

मोठ्या रुग्णालयांत ही यादी फाइलला लागते. तालुक्याच्या कित्येक नर्सिंग होममध्ये मात्र 'ओटी असिस्टंट' म्हणजे बघून बघून शिकलेली गावातली मुलगी असते. वॉश तीच घेते, फ्लोअर तीच सांभाळते, संध्याकाळी हत्यारेही तीच धुते. तिचा हात बसलेला असतो, त्याबद्दल शंका नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे, पण त्यासाठी आधी नोंदणीकृत नर्स असावे लागते. नोंदणी नाही, नेमणुकीचा कागद नाही, अशा मुलीने मॉप कमी भरल्यावर ज्याला थांबवायचे, तो सर्जनच बहुधा त्या नर्सिंग होमचा मालकही असतो.