नागरा येथील अवशेष आणि संशोधन-साधनांची नोंद

गोंदिया शहराच्या उत्तरेस थोड्या अंतरावर नागरा हें गांव आहे. तेथील प्राचीन शिवमंदिर सर्वश्रुत असून महाशिवरात्रीस यात्रा भरते. या स्थळाविषयीं जुना मजकूर शोधूं लागलें म्हणजे जी अडचण येते, ती मंदिराच्या कालनिर्णयाहून निराळ्या जातीची आहे. आणि तीच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

गांव जागचें हाललें नाहीं, परंतु त्याचा पत्ता सारखा हालत राहिला. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. १८६१ त मध्यप्रांत बनला. १९०३ त त्यास वऱ्हाड जोडण्यांत आलें. १९५० त मध्यप्रदेश हें नांव पडलें. १९५६ त हा भाग मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. जिल्हा मात्र भंडाराच राहिला, तोही १ मे १९९९ रोजीं विभागून गोंदिया जिल्हा निराळा झाला. रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडांतील कोरीव लेखांची यादी १९१६ सालची, आणि तिची मांडणी जिल्हावार! तींत गोंदिया जिल्हा शोधणाराच्या हातीं काय लागणार? शिवाय रोमन लिपींत नगरा, नागरा व नगारा हीं तिन्ही नांवें एकाच अक्षरांनीं लिहिलीं जातात. तेव्हां प्रत्येक नोंदींत अक्षांश-रेखांश, देवनागरींतील ग्रामनाम आणि नोंदीच्या वेळचा जिल्हा, हीं तिन्ही हवींत.

संग्राहकांस ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु पाकिटावर केवळ ‘भंडारा’ एवढेंच लिहिलेलें नाणें पवनीचें कीं नागऱ्याचें, हें संग्राहकाच्या पश्चात् कोणासही सांगतां येत नाहीं. नाणें उरतें, त्याचा पुरावा म्हणून असलेला उपयोग संपतो.

साधनें जशींच्या तशीं लोकांपुढें ठेवण्याची रीति आपल्याकडे नवी नाहीं. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, तो मूळ पत्रांचाच. म. म. मिराशी यांच्या वाकाटक-लेखसंग्रहांत (१९६३) वाचनाबरोबर ताम्रपटांचे ठसेही छापले आहेत. प्रवरपूर म्हणजे पवनार, हें मिराशींचें मत. मनसर येथील उत्खननानंतर तें मनसर असावें असें प्रतिपादन झालें. हा वाद चालूं शकला, तो मूळ पाठ उभयपक्षांच्या हातीं होता म्हणून.

विज्ञानाच्या अभ्यासकांनीं २०१६ सालीं हीच गोष्ट चार सूत्रांत बांधली: सामग्री शोधतां सांपडावी, मिळविण्याचा मार्ग स्पष्ट असावा, ती इतर सामग्रीशीं जुळावी, व दुसऱ्यास पुनः उपयोगीं पडावी. नागऱ्याची नोंद पहिल्या सूत्रापाशींच अडते. सर्व कांहीं सर्वांस खुलें करावें, असा मात्र त्यांचा आग्रह नाहीं. वस्तु मालकाजवळ राहो. नोंद प्रसिद्ध असावी, आणि वस्तु नष्ट झाली तरी नोंद टिकावी, एवढेंच मागणें आहे. आपलें साधन दुसराच आधीं छापील, या भीतीनें दप्तरें बांधून ठेवणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. नोंद क्रमांकासह व संग्राहकाच्या नांवासह आधींच प्रसिद्ध असली म्हणजे त्याचें श्रेय पुढें कोणास सहसा लपवितां येत नाहीं.

नागऱ्यापुरतें काम थोडकें आहे. मंदिराच्या आवारांतील प्रत्येक सुट्या शिल्पास क्रमांक द्यावा, मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें, आणि तें आज कोठें ठेविलें आहे तें तारखेसह लिहावें. मग जागा बदलावयाची ती बदलावी.