जिभेखालची दोरी : शस्त्र, वीज आणि प्रकाश

जीभ उचलून आरशात पाहिल्यास तिला तळाशी जखडणारा एक पातळ पडदा दिसतो. काही बालकांत तो जन्मतःच आखूड असतो. पुष्कळांना त्याचा उपद्रव होत नाही. काहींच्या जिभेचे टोक मात्र टाळूपर्यंत पोचत नाही व क्वचित उच्चार अडखळतात. तथापि उज्जयिनीतील आमचे जे विद्यार्थी 'शाळा'स 'शाला' म्हणतात, त्यांनी दवाखान्याची वाट धरू नये. तो हिंदी शेजाराचा प्रसाद होय. आम्हां कोकणीभाषकांच्या कानांस तो अंमळ खटकतो, इतकेच!

असा पडदा सोडविणे, वाढलेली हिरडी छाटणे, ओठाच्या आतील फुगवटा काढणे, या मुखातील किरकोळ शस्त्रक्रिया होत. सुश्रुतसंहितेत शस्त्र, क्षार आणि अग्नी असे उपाय सांगितले आहेत. वाढलेली पडजीभ अंगठा व बोट यांच्या चिमटीत धरून तिचा एक तृतीयांशच भाग छेदावा, अशी तेथे आज्ञा आहे. अधिक कापल्यास रक्तस्राव, कमी कापल्यास सूज.

आजही शस्त्र स्वस्त व अचूक आहे. पण मुखात रक्त फार. त्याने जागा झाकोळते व टाके घालावे लागतात. त्यावर तोड म्हणून विजेचे साधन आले. १९२६ साली बॉस्टन येथे हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या यंत्राने शस्त्रक्रिया केली. उच्च कंप्रतेचा प्रवाह मांस कापतो व त्याच वेळी रक्तही थांबवितो. परंतु उष्णतेने शेजारचे मांस भाजते.

तिसरे साधन लेसर. कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक कुमार पटेल हे १९३८ साली बारामतीस जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, व १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा शोध लावला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. हा किरण पाणी झटकन शोषून घेते, आणि मऊ मांसात पाणीच अधिक. म्हणून वरचा पातळ थर वाफ होऊन जातो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, टाके बहुधा लागत नाहीत. यंत्र महाग असते, आणि रोग्यासह सर्वांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे हवेत.

मग सुरी अडगळीत टाकावी काय? मुळीच नाही. तंबाखू वा गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला, किंवा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. वीज वा लेसर यांनी त्या तुकड्याच्या कडा भाजून पेशी विरूप होतात आणि कर्करोगाचे निदान चुकण्याचा संभव राहतो. अशा वेळी वैद्य सहसा सुरीच हाती घेतात. दोन-तीन टाके पडतात. आठवड्याभराने ते काढले जातात.