मोडेन पण वाकणार नाही!

अलिबागहून मुरुडला जाताना वाटेत काशीद लागतं. पांढरी वाळू, सुरूची झाडं आणि उसळत्या लाटा असताना काँक्रीटकडे कोण बघणार? पण कधीतरी समुद्राकाठच्या एखाद्या जुन्या स्लॅबकडे खालून नजर टाका. पापुद्रे सुटलेले दिसतील, आतली तांबूस सळई डोकावताना दिसेल. ही करामत खाऱ्या हवेची. मीठ आत झिरपलं, की सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. सळई आतल्या आत फुगते आणि काँक्रीट फुटतं.

मग सळई घालायचीच कशाला?

एक जाड खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा ओढा आणि टोकं वर येतील असं वाकवा. वरच्या अंगाला रेघा जवळ आल्या ना? आणि खालच्या अंगाला लांब गेल्या! वजनाखाली वाकणाऱ्या तुळईतही असंच होतं. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो.

काँक्रीट दाब सहन करण्यात पैलवान आहे, पण ताणापुढे त्याची ताकद जेमतेम एक दशांश! म्हणून पहिली भेग खालून पडते आणि सरसर वर चढते. नुसत्या काँक्रीटच्या तुळईचे क्षणात दोन तुकडे. 'मोडेन पण वाकणार नाही' हा त्याचा बाणा.

हा बाणा सोडायला लावते ताण पेलणारी सळई, आणि काँक्रीटमध्ये मिसळलेले पोलादाचे बारीक तंतूही. ते साधारण ३ ते ६ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड असतात. बऱ्याच तंतूंची टोकं स्टेपलरच्या पिनेसारखी मुडपलेली असतात. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ४० किलो तंतू घातले, तर त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास जाऊ शकते!

प्रयोगशाळेत अशी तुळई २८ दिवस मुरवतात, दोन आधारांवर ठेवतात आणि वरून दाब देतात. भेग हिलाही पडते बरं का! पण भेग रुंदावू लागली, की तिच्या आरपार गेलेले तंतू दोन्ही काठ धरून ठेवतात. मुडपलेलं टोक सरळ झाल्याशिवाय तंतू उपसून निघत नाही आणि त्याला बरंच बळ लागतं. त्यामुळे तुळई हळूहळू वाकते आणि मोडण्याआधी आपल्याला सावध करते.

खाऱ्या हवेत हे तंतू गंजत नाहीत का? पृष्ठभागावरचे गंजतात, तांबूस ठिपके दिसतात. पण तंतू इतके बारीक आणि सुटे असतात, की त्यांच्या गंजाने पापुद्रे सुटत नाहीत. कारखान्यांच्या जमिनी आणि बोगद्यांची अस्तरं यांसाठी असं काँक्रीट वापरतात. मोठ्या तुळयांना मात्र सळई लागतेच.

युक्ती तशी जुनीच. मातीच्या भिंती लिंपताना चिखलात पेंढा किंवा भाताचं तूस मिसळत, तेही तडे आवरायलाच.

आता तुमची पाळी. शाडूच्या मातीच्या दोन सारख्या पट्ट्या करा. एकीत नारळाच्या काथ्याचे बारीक तुकडे मळा. दोन्ही सावलीत वाळवा, दोन पुस्तकांवर आडव्या ठेवा आणि मधोमध एकेक नाणं वाढवत जा. कोणती पट्टी कशी मोडली, ते आम्हाला चित्र काढून कळवा!