रक्तवाहिन्यांचा दाह : निदान हाती आल्यावर

सास्तूर, लोहारा, उमरगा भागातला रुग्ण लातूरला नाहीतर सोलापूरला जातो, तपासण्या होतात आणि फायलीवर ‘व्हॅस्क्युलायटिस’ लिहून येतं. घरी आल्यावर प्रत्येकजण विचारतो, “काय निघालं?” कुणी रक्त बिघडलं म्हणतं, कुणी नस आखडली म्हणतं. दोन्ही खरं नाही.

नेमकं काय होतं

शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर उलटते. भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते. ठिबकची नळी चोंदली की पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसं पुढच्या अवयवाला रक्त कमी पडतं. कधी भिंत कमकुवत होऊन रक्त बाहेर झिरपतं. पायांवर उठणारे, बोटाने दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके त्यातलेच. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचं ताट-तांब्या वेगळं काढू नका.

कोणती वाहिनी, कोणता अवयव

डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मोठ्या धमन्यांचा ताकायासू आजार बहुतेक तरुण बायकांना होतो. ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ साली तो प्रथम मांडला; भारतातही तो आढळतो. धुणं पिळताना, पीठ मळताना हात भरून येतो, गळून जातो. मनगटाची नाडी लागत नाही. एका हातावर रक्तदाब १५० आणि दुसऱ्यावर ११० भरतो. म्हणून बीपी दोन्ही हातांवर मोजून घ्यायचं. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर हातावरचा आकडा फसवा कमी येतो, मग पायावर मोजावं लागतं.

लहान वाहिन्यांच्या काही प्रकारांत नाक, फुप्फुस आणि मूत्रपिंड धरलं जातं. छातीच्या फोटोत डाग दिसला की आपल्याकडे आधी क्षयाचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, क्षयाच्या औषधांनी फरक पडत नाही आणि लघवीतून रक्त जातंय, असं असेल तर डॉक्टरांनी या आजाराची तपासणी केली पाहिजे.

मुलांमध्ये पायांवर ठिपके, सांधेदुखी आणि पोटदुखी एकत्र येणारा प्रकार बहुधा आपोआप बरा होतो. मात्र पुढचे काही महिने लघवी तपासत राहावी लागते. बिडी-तंबाखू घेणाऱ्या तरुण पुरुषांची पायाची बोटं काळी पडतात तो बर्गर आजार. तिथे तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय कुठलंच औषध पाय वाचवत नाही.

लघवीची तपासणी टाळू नका

मूत्रपिंड बिघडताना दुखत नाही, म्हणून मला याची सर्वांत जास्त काळजी वाटते. लघवीतली प्रथिनं आणि रक्तपेशी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि रक्तदाब, एवढं पाहायला दर वेळी लातूर गाठावं लागत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात होईल का, विचारा.

गोळ्या

आजार आटोक्यात येतो, पण पुन्हा उसळू शकतो. बहुतेक गंभीर प्रकारांत सुरुवात स्टेरॉइडने होते. बरं वाटलं म्हणून ती गोळी अचानक थांबवणं धोक्याचं आहे, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनी. साखर आणि हाडं यांच्याकडे लक्ष हवं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होण्यापूर्वी क्षय आणि हिपॅटायटिस बी तपासलं का, हे विचाराच.

मेथोट्रेक्सेट लिहून दिलं असेल तर ते आठवड्यातून एकच दिवस घ्यायचं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, तो पाकिटावर मराठीत लिहा आणि घरात आणखी एकाला सांगून ठेवा. सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्या तरुण रुग्णांनी मूल होण्याबद्दलचं बोलणं उपचाराआधीच उरकावं.

कधी लगेच निघायचं

खोकल्यातून रक्त, अचानक कमी दिसणं, हाता-पायाचा पंजा लुळा पडणं, तांबडी-काळपट किंवा फार कमी लघवी, पोटात असह्य कळ, या औषधांवर असताना आलेला ताप. सकाळची वाट पाहू नका, रात्रीच १०८ला फोन करा.

खर्च

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड, आधार आणि आधीचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. नवा डॉक्टर जुन्या क्रिएटिनिनशी नवं ताडून पाहतो.