एसीने माणूस आजारी पडतो का? घरच्या एसीची निगा आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात दवाखान्यात रोज दोन-तीन जण तरी एकच वाक्य बोलतात : "डॉक्टरसाहेब, एसीत झोपलो आणि तेव्हापासून सुरू झालं." सुरू काय झाले ते प्रत्येकाचे वेगळे. कुणाची सर्दी, कुणाचा खोकला, कुणाची मान आखडलेली, तर कुणाचा तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. कारण मात्र सगळ्यांनी ठरवून आणलेले असते.

जवाहरनगर आणि भंडाऱ्याच्या आसपास वर्षानुवर्षे उन्हाळा म्हणजे कूलर. निर्माणीची क्वार्टर्स असोत की शेजारच्या गावांतली घरे, आता बऱ्याच ठिकाणी एका खोलीत तरी एसी दिसतो. कूलरची सवय असलेल्या घरात एसी आला की काही गैरसमज सोबत येतात. ते दूर करावेत, आणि एसीतून खरोखर होणारा त्रास कसा टाळावा हे सांगावे, यासाठी हा लेख.

त्रास गारव्याचा की आणखी कशाचा?

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. एसी विषाणू तयार करत नाही. मात्र दारे-खिडक्या लावून चार माणसे एका खोलीत रात्रभर झोपली आणि त्यातल्या एकाला सर्दी असली, तर ती इतरांपर्यंत सहज पोहोचते. घरातला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे अनेकांना माहीत नसते. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत सोडतो. बाहेरचे यंत्र फक्त आतली उष्णता बाहेर टाकते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा, विशेषतः पहाटे, एसी बंद करून खिडक्या उघडा आणि हवा बदलू द्या. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर "एसीचा खोकला" म्हणून सोडून देऊ नका. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. क्षयरोगाच्या जंतूंना बंद खोली फार मानवते.

याच कारणासाठी एसीच्या खोलीत डासांची कॉइल किंवा अगरबत्ती लावू नका. हा मुद्दा मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. तो धूर बाहेर जायला वाट नसते आणि एसीची जाळी तो अडवत नाही. ती फक्त जाडी धूळ आणि केस अडवते. रात्रभर तो धूर मुलांच्या छातीत जातो आणि सकाळी दोष एसीवर येतो. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

गारव्याने काहीच होत नाही, असेही नाही. थंड, कोरड्या हवेचा झोत थेट तोंडावर आला तर दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आकुंचन पावू शकते, नाक वाहू लागते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. झोत मानेवर असेल तर सकाळी स्नायू आखडलेले असतात. संधिवात मात्र एसीमुळे जडत नाही. झोत छताकडे वळवा आणि तापमान वाढवा, एवढ्याने यातला बराच त्रास जातो.

तोंड वाकडे झाले तर

"एसीची हवा लागली" म्हणून दोन दिवस शेक देत घरी थांबलेले रुग्ण पाहिले की मला सर्वांत जास्त काळजी वाटते. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडण्याची दोन मुख्य कारणे आहेत. एक म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज येणे, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात सहसा कपाळावर आठी पडत नाही आणि त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही. दुसरे म्हणजे मेंदूचा झटका. त्यात अनेकदा हाताची शक्ती जाते, बोलणे अडखळते.

यातले कोणते, हे घरी ठरवत बसू नका. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यापूर्वी सीटी स्कॅन करावा लागतो. जिथे स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात थेट जा. इथून नागपूर गाठायलाही तासभर लागतो, त्यामुळे "सकाळी बघू" परवडत नाही. बेल्स पाल्सी निघाली तरी तिचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केले तर चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. दोन्हींमध्ये घाई फायद्याचीच.

उन्हाळ्यात एसीतून पाणी पडत नाही, बिघडला का?

नाही. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसा हवेतला ओलावा एसीच्या आतल्या थंड कॉइलवर जमतो आणि नळीवाटे बाहेर पडतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की जमायला ओलावाच नसतो. म्हणूनच तर तेव्हा कूलर इतका छान चालतो. कूलर हवेत पाणी घालतो, एसी हवेतले पाणी काढतो. दोन्ही एकाच बंद खोलीत एकदम चालवणारे लोक असतात. त्यात एसीची निम्मी मेहनत कूलरने घातलेले पाणी काढण्यात जाते आणि खोली दमट होते. कूलरला उघडी खिडकी लागते, एसीला बंद. एका वेळी एकच चालवा.

खरी गडबड मृगाचा पाऊस पडल्यावर होते. उन्हाळाभर कोरड्या राहिलेल्या ताटात आणि नळीत धूळ बसलेली असते. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याच एसीतून भरपूर पाणी निघू लागते, धुळीचा चिखल होतो, नळी तुंबते आणि पाणी पलंगावर टपकते. भिंत ओली राहिली की बुरशी धरते. एसी लावताच कुबट वास येतो, शिंका येतात, डोळे खाजतात, दमा वाढतो. तेव्हा एसीची जी सर्व्हिसिंग लोक मार्चमध्ये करून घेतात, तिच्या जोडीला जूनच्या सुरुवातीला नळी आणि पाण्याचे ताट पुन्हा साफ करून घ्या. माझ्या मते आपल्या भागात ही दुसरी साफसफाई पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. बाहेरच्या नळीचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले नाही ना, हेही पाहा; तसे असेल तर पाणी अडते.

वास येऊ नये यासाठी सोपा उपाय आहे. एसी बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे तो नुसत्या फॅन मोडवर चालवा. आतली ओल वाळते. वासावर अत्तर किंवा रूम फ्रेशनर मारण्यात अर्थ नाही, बुरशी तिथेच राहते.

एक खूण लक्षात ठेवा. घरी असताना खोकला-धाप, चार दिवस बाहेरगावी गेल्यावर आराम, परत आल्यावर पुन्हा तेच, असे होत असेल तर डॉक्टरांना हा क्रम आवर्जून सांगा. घरातल्या बुरशीची किंवा धुळीची ॲलर्जी ओळखायला त्याचा तपासणीइतकाच उपयोग होतो.

बादलीत साठलेले पाणी झाडांना घाला, फरशी पुसा. प्यायला नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नको; दिसायला स्वच्छ असले तरी त्यात धूळ आणि धातूचे अंश असतात. आणि ती बादली, तशीच कूलरची टाकी, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे घासणे आवश्यक.

जाळी कशी आणि किती वेळा धुवायची?

उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. रस्त्यालगत किंवा राइस मिलच्या जवळ घर असेल तर आठवड्याने. आधी भिंतीवरचे बटण बंद करा, रिमोट पुरेसा नाही. पुढचे झाकण उचला, जाळ्या काढा, घराबाहेर नेऊन मागच्या बाजूने नळाचे पाणी सोडा, म्हणजे धूळ आली तिकडूनच निघून जाते. चिकट असेल तर थोडे साबणाचे पाणी. सावलीत पूर्ण वाळवा. ओली जाळी बसवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि कडक उन्हात प्लास्टिक वाकते. दम्याचा रुग्ण असेल त्याने हे काम करू नये, दुसऱ्याने नाकाला रुमाल बांधून करावे. कॉइल, बाहेरचे यंत्र आणि गॅस ही कामे कारागिराची.

गॅसबद्दल एक गोष्ट. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती आधी शोधायला सांगा. हल्लीच्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ हा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. गळतीची शंका आली तर एसी बंद करा, खिडक्या उघडा, काडी ओढू नका. कॉइलवर बर्फ धरला तर बहुधा जाळी तुंबलेली असते किंवा गॅस कमी असतो. एसी बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या. एसीला वेगळी जाड वायर आणि अर्थिंग हवे, एक्स्टेंशन बोर्डावर तो चालवू नये. प्लग गरम लागत असेल किंवा काळवंडला असेल तर वापर थांबवा.

तापमान किती ठेवावे?

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर लावलेले असतात, तसा सरकारी नियम आहे. माझा सल्ला २५ ते २७ आणि सोबत मंद पंखा. बाहेर ४५ असताना आत १८ लावल्याने खोली लवकर थंड होत नाही, बिल मात्र वाढते. दिवसभर एसीत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ऑफिसात बसणाऱ्याने एकदम भर दुपारी शेतावर जाऊन राबू नये.

तान्ह्या बाळाला एसी चालतो का? चालतो. नवतपात तापलेल्या खोलीत गुंडाळून ठेवण्यापेक्षा नक्कीच बरा. २६-२७ अंश ठेवा, झोत बाळावर नको, अंगात सुती कपडे. बाळाचे पोट आणि तळपाय हाताने पाहा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पाय गार आणि पोट कोमट असेल तर बाळाला गारवा बाधतो आहे, झाका आणि तापमान वाढवा. दोन्ही गार असतील तर आईच्या अंगाशी धरून लगेच दवाखाना गाठा. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे काय?

अनेक घरांत एसी मुला-सुनेच्या खोलीत असतो आणि आजी समोरच्या खोलीत पंख्याखाली. कुणी तिला मुद्दाम तिथे ठेवलेले नसते. तिलाच बिलाची चिंता, तिलाच "मले नाही सोसत तो गारवा" म्हणायची सवय. पण वय वाढले की तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि आपले अंग तापले आहे हे चटकन कळत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर पाणी आणखी कमी होते. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. तेव्हा नवतपाच्या दिवसांत आजी-आजोबांची खाट एसीच्या खोलीत आणा, निदान दुपारचे चार तास तरी. २७ वर ठेवा, अंगावर चादर द्या, बहुतेकांना सोसते.

कुणी असंबद्ध बोलू लागले, झोपेतून उठेना, अंग चटका लागावा इतके तापले असेल तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत एसी-पंखा लावा, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडत राहा, मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही.

थंडीत एसी बंद ठेवायचा असेल तर कोरड्या दिवशी दोन तास फॅन मोडवर चालवून आतली ओल घालवा, जाळ्या धुऊन वाळवून बसवा, रिमोटमधले सेल काढून ठेवा आणि मुख्य बटण बंद करा. बाहेरच्या यंत्राला प्लास्टिक गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि उंदरांना घर मिळते.