सलाईनची पट्टी जपा

भातलावणीत कुणाला साप चावला, तर आपण त्याला रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात नेतो. विषावरचे औषध शिरेतून देतात. त्यासाठी हाताच्या शिरेत सुईने बारीक, मऊ नळी घालतात. सुई लगेच काढतात. आत नळीच राहते. ती हलली तर शीर दुखावते. तिच्या वाटेने जंतूही आत शिरतात. म्हणून वर चिकटपट्टी लावतात. काही पट्ट्यांतून आरपार दिसते. खालची कातडी पाहता येते.

पावसाळ्यात घामाने, ओलीने पट्टी सुटते. ती आपल्या हाताने दाबून बसवू नये. हळद, तेल, अंगारा लावू नये. पट्टी भिजली, हात लाल झाला, सुजला, ठणकला, तर लगेच नर्सबाईंना हाक मारावी. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.