दोन आठवड्यांत निघालेला हंगाम

जळगाव-धुळ्याकडच्या कोरडवाहू कापसाला दोन पाऊस नेमक्या वेळी मिळाले की वर्ष निघतं. व्यावसायिक गोल्फचा हंगामही असाच असमान. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये आशियाई टूरच्या क्रमवारीत पहिला आला, तो मुख्यतः फेब्रुवारीत जिंकलेल्या मलेशियन आणि इंडियन ओपनमुळे. क्रमवारी बक्षिसाच्या रकमेवर ठरत होती ना! मग सातत्याला काय किंमत, असं कुणी म्हणेल. पण एक स्पर्धा म्हणजे चार दिवस, ७२ होल. दोन दिवसांनी ‘कट’ हुकला, म्हणजे पुढच्या दोन दिवसांसाठी पात्रता मिळाली नाही, तर बक्षीस शून्य. दिल्लीतल्या त्या इंडियन ओपनमध्ये लाहिरी शेवटच्या दिवशी भारताच्याच गोल्फपटू चौरसियाच्या सात फटके मागून निघाला, बरोबरी साधली आणि प्लेऑफमध्ये जिंकला. याला निव्वळ नशीब म्हणणं जड जातं.